प्रार्थनेतला जोडीदार

माझ्या शेजारी, भिंतीकडच्या खुर्चीवर, माझी मैत्रीण बसली होती. ती पाणी प्यायला म्हणून उठली, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर तो येऊन टेकला. टेकला म्हणजे अगदी काठावर, उठायच्या बेतात. हातात पान्हा, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, केसांत कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा. चर्चच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून तो बाहेर आला होता. नवा वॉशर धरतोय की नाही हे कळायला जरा वेळ जाऊ द्यावा लागतो, म्हणून बसला होता… एवढंच.

तेवढ्यात पाळकबाईंनी टाळी वाजवली.

"भिंतीपासून मोजा. दोन-दोन माणसांची एक जोडी. उन्हाळा संपेपर्यंत हे तुमचे प्रार्थनेतले जोडीदार. रोज एकमेकांसाठी प्रार्थना करायची आणि दर बुधवारी विचारायचं, काय मागू तुमच्यासाठी? 'सगळं छान आहे' हे उत्तर चालणार नाही. ज्यांचं सगळं छान आहे त्यांनी घरी जावं, तेवढाच चहा वाचेल."

सभागृहात हशा पिकला. मी शेजारी बघितलं. तो दाराकडे बघत होता.

"मी नळासाठी आलो होतो," तो हळूच म्हणाला.

"मी आत्याला न्यायला आले होते."

"नळवाले बंधू!" पाळकबाईंनी लांबूनच ओळखलं. "पळायचं नाही हं! दर रविवारी मागच्या बाकावर बसता आणि शेवटचं गीत संपायच्या आत गायब होता. आज बरे सापडलात."

तो हसला. आणि मी—काय करणार, सवय—त्याचे दात बघितले.

मी कवळ्या बनवते. लोक माणसाचे डोळे बघतात, चालणं बघतात; माझी नजर आधी दातांवर जाते. त्याच्या पुढच्या दोन दातांतला एक दुसऱ्यावर किंचित रेलला होता, गप्पांत रंगलेल्या माणसानं मित्राच्या खांद्यावर रेलावं तसा. दुसरा कोणी असता तर मी तो दात मनातल्या मनात सरळ करून टाकला असता. याचा मात्र… असू दे म्हटलं.

"काय मागू तुमच्यासाठी?" मी विचारलं. गुडघे, कंबर, पाठ, असलं काहीतरी येणार अशी माझी तयारी होती.

तो पान्ह्याचा स्क्रू पुढे-मागे फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी लोकांना 'उद्या येतो' म्हणतो आणि जात नाही. नाही म्हणणं जिवावर येतं. पण इथे उपासनेला बसलो, की ती सगळी माणसं डोळ्यांपुढे येतात. बादल्या लावून वाट बघणारी. ते खोटं सुटावं माझं… एवढं मागा."

आता आली पंचाईत. समोरचा इतकं खरं बोलल्यावर आपण 'जरा पाठ दुखते' कसं म्हणायचं? मग मीही ते सांगून टाकलं, जे आत्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. लांबच्या एका शहरात दंतकाम शिकवणारी शाळा आहे, तिथे शिक्षिका हवी आहे, मी अर्ज केला आहे. कितीतरी वर्षं मी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून दात घडवतेय. पण नवी मुलगी हाताखाली आली, की तिला शिकवताना माझा दिवस कसा सरतो ते मला कळत नाही.

"मला ती जागा मिळावी. जायचंय मला इथून."

"लांब आहे?"

"पुष्कळ."

"नक्की जायचंय?"

"नक्की."

"मागतो," तो म्हणाला. आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ बघून आला. थेंब नव्हता.

*

माझी प्रार्थनेची वेळ सकाळची. टेबलावरचा स्पिरिटचा दिवा लावायचा, कवळीचं मेण मऊ व्हायची वाट बघायची. ती वाट बघण्याची घडी देवाची. तिथे मी त्याचं नाव घेऊ लागले. देवा, आज त्याला खरं बोलता येऊ दे. देवा, त्याला 'नाही' म्हणायचं बळ दे. मेण वितळायचं, आणि त्याच्याबरोबर माझंही काहीतरी… पण ते मला उशिरा कळलं. एखाद्याचं नाव रोज देवापुढे घ्यायचं आणि त्याच्याबद्दल काही वाटून घ्यायचं नाही, हे कुणाला जमलंय? पाळकबाईंना हे आधीच ठाऊक असणार.

प्रार्थनेला फळ आलं ते आधी आमच्याच घरी. आत्या फोन आपटून तणतणत आली.

"हा कसला प्लंबर! म्हणे उद्या जमणार नाही, शनिवारी येईन. तोंडावर नाही म्हणतो मेला! बाकीचे निदान येतो तरी म्हणतात!"

मी हसू दाबायला गेले आणि ते दुप्पट फुटलं.

"दात काय काढतेस?"

"धंदाच तो माझा, आत्या."

शनिवारी तो आला. सांगितलेल्या वेळेला. आत्या चहा देताना पुटपुटली, "वेळेवर आलाय. आजारी तर नाही ना?"

मग बुधवारांना पाय फुटले. मंगळवार सरता सरत नसे आणि बुधवार धरून ठेवू म्हटलं तरी निसटायचा. प्रार्थनासभा संपली, की आम्ही दोघं कप विसळायला स्वयंपाकघरात. तो विसळायचा, मी पुसायची.

"या आठवड्यात खोटं किती?"

"एकदाच. एका बाईंनी विचारलं, माझी बाग कशी वाटली?"

"मग?"

"छान म्हटलं. बाग कसली, नुसत्या कुंड्या. आणि त्याही सुकलेल्या."

"हे खोटं देव माफ करेल."

"तुम्ही त्याच्या वतीनं बोलता का?"

"आज सकाळीच बोलणं झालंय आमचं."

एकदा आमच्या प्रयोगशाळेतलं सिंक तुंबलं. मालकांनी बोलावलं आणि हाच आला. सिंकखाली आडवा पडून त्यानं पाइप सोडवला, तर आत दगड! दातांचे साचे करायचं प्लास्टर धुऊन धुऊन तिथेच घट्ट बसलेलं.

"हे कोण टाकतं इथे?" तो खालूनच ओरडला.

मी मेणाची सुरी पुसायला घेतली.

"खरं बोलायचं व्रत माझ्या एकट्याचंच आहे का?"

"…मीच टाकते. थोडंसंच."

"थोडंसंच!" त्यानं तो मुठीएवढा पांढरा गोळा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या, मग वरचं पाणी ओता. चर्चमध्ये किती साध्या दिसता, भ…"

'भगिनी' म्हणणार होता. आमच्या मंडळीत सगळे सगळ्यांना तसंच म्हणतात, बंधू आणि भगिनी. तो मध्येच थांबला.

"काय झालं?"

"तो शब्द… बाकी सगळ्यांना म्हणतो मी. तुम्हाला म्हणायला जीभ वळत नाही."

माझे कान तापले. काहीतरी करायचं म्हणून मी दातांच्या रंगांची पट्टी उचलली. हस्तिदंती, पिवळसर, करडा, अशा छटांचे नमुन्याचे दात असतात तिच्यावर. "ई करा," मी म्हटलं. त्यानं केलं. एकेक नमुना मी त्याच्या दातांशी धरून बघत राहिले. रंग पहिल्याच नमुन्याला जुळला होता, तरी मी शेवटच्यापर्यंत गेले. त्याचा श्वास माझ्या मनगटावर येत-जात होता.

"माझे दात काढायचेत का?" त्यानं विचारलं, ई करतच.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

*

शाळेनं मुलाखतीला बोलावलं. मी जाऊन आले. आणि एका सोमवारी फोन आला, जागा तुमची.

मी नाचले. आत्याला सगळं सांगितलं. ती रडली, मग रागावली, मग माझी पेटी खाली काढायला स्टुलावर चढली. आनंदच होता. फक्त भातात खडा लागावा तसं मध्येच काहीतरी कचकन दाताखाली यायचं, आणि मी ते न चावता गिळून टाकायचे.

बुधवारी साक्ष द्यायला मी उठले. देवानं काय केलं ते आमच्याकडे सगळ्यांसमोर सांगतात.

"मला जागा मिळाली," मी म्हटलं. "आणि त्याचं श्रेय माझ्या जोडीदाराच्या प्रार्थनेला आहे. रोज, न चुकता त्यांनी माझ्यासाठी हेच मागितलं."

टाळ्या पडल्या. "उभे राहा, बंधू, उभे राहा!" पाळकबाई म्हणाल्या.

तो उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"टाळ्या नकोत," तो म्हणाला. "मी ती प्रार्थना केलेली नाही."

टाळ्या जागच्या जागी विरल्या.

"सुरुवातीला केली. नंतर… नाही झाली माझ्याच्यानं."

पहिल्या रांगेतून आत्याचा आवाज आला. तिला कुठे गप्प राहवतं! "का? कंटाळा केलात?"

"नाही."

"मग विसरलात?"

"विसरता आलं असतं तर बरं झालं असतं."

मागच्या बाजूला कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मग सभागृहभर एक कुजबुज सरकत गेली आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी दातखिळीच बसली.

"चहा!" पाळकबाईंनी टाळी वाजवली. "सगळ्यांनी बाहेर चहा घ्यायचा. आत्याबाई, तुम्हीसुद्धा."

"माझे गुडघे…"

"परवा बाजारात तुमचे गुडघे माझ्या पुढे चालले होते. उठा."

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले. मागून त्याची पावलं आली… थांबली.

"सगळ्यांसमोर मी तुमचं कौतुक करत होते," मी वळलेच नाही. "वेडी दिसले असेन."

"ते कौतुक माझं नव्हतं. घरी कसं नेऊ?"

"एक गोष्ट मागितली होती मी तुमच्याकडे."

"हो."

"एकच."

"हो." नळ वाहतच होता. त्यानं पुढे होऊन तो बंद केला. "रोज बसायचो मी. आजाऱ्यांसाठी मागायचो, पाळकबाईंच्या डोळ्यांसाठी, तुमच्या आत्याच्या गुडघ्यांसाठी. मग तुमचं नाव यायचं. तुमची तब्येत बरी राहू दे, गरम मेणाचा चटका बसू नये, सिंकमध्ये प्लास्टर टाकायची बुद्धी होऊ नये… सगळं मागायचो. शेवटी 'तिला जाऊ दे' एवढंच राहायचं. ते ओठांवर येत नसे. वरवर म्हटलं असतं, पण देवाशी खोटं बोलायचं? माणसांशी सुटत आलं होतं, आणि त्याच्याशी सुरू करू?"

"का येत नव्हतं ओठांवर?" मला कळलं होतं. तरी विचारलं. काही गोष्टी कळल्या तरी ऐकायच्या असतात.

"तुम्ही गेल्यावर बुधवार येतच राहणार," तो म्हणाला. "त्याचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं."

माझ्या बोटांवरून साबणाचा फेस हळूहळू ओघळला.

"आणि आता?"

"आता करतो. उशीर झालाय, जागा तर मिळालीच. पण शब्द दिला होता."

त्यानं हात पुसले, मान खाली घातली, आणि तिथेच, कपांच्या ढिगापाशी, मोठ्यानं प्रार्थना करू लागला.

"बापा, हिला जाऊ दे. हसत जाऊ दे. खोली चांगली मिळू दे, खालच्या मजल्यावर, तिथे पाण्याला जोर असतो. शिकणारी पोरं गुणी असू देत. तिथल्या मंडळीत पहिल्या रविवारी कुणीतरी सरकून हिला बाकावर जागा देऊ दे. हिचं हसू तिथल्या लोकांना आवडू दे…" इथे तो जरा अडखळला. "आणि माझ्यामुळे हिचा पाय मागे ओढला जाऊ नये. आमेन."

हिला. हिचं. इतके दिवस 'तुम्ही' होते मी. देवापुढे त्याचं सगळं अहो-जाहो गळून पडलं होतं, आणि खाली जे होतं ते किती मऊ होतं!

"शेवटच्या वाक्याला माझं आमेन नाही," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली.

"आणि आता माझी पाळी. काय मागू तुमच्यासाठी?"

"तुम्हाला माहीत आहे."

"देवालाही माहीत असतं. तरी तोंडानं सांगावं लागतं."

बाहेर कपबश्या किणकिणत होत्या. "मला तुमच्याबरोबर राहायचंय," तो म्हणाला. "इथे नाही, तर तिथे. मी आलो तर चालेल का? पण तिथे मला ओळखतं कोण? काम कोण देणार? पुन्हा पहिल्यापासून…"

मी डोळे मिटले. नाहीतर रडू फुटलं असतं.

"देवा, त्या शहरातले नळ गळू देत. घरोघरी गळू देत."

"अहो, असं नाही मागायचं," तो कुजबुजला. "लोकांचं नुकसान होतं."

"बरं. देवा, नुसते वॉशर जाऊ देत. भिंतीतले पाइप शाबूत ठेव. आणि ज्याचा नळ गळेल त्याला याचाच पत्ता मिळू दे. मी तिथे आधी जाते. याला मागून, पण लवकर आण. आत्याचा आशीर्वाद मिळू दे, पाळकबाईंनी आमचं लग्न…"

"आमेन," तो म्हणाला.

"थांब, अजून आहे."

"मला एवढं पुरे."

"मला नाही," मी म्हटलं, आणि त्याचा ओलसर हात हातात घट्ट धरून पुढचं मागायला लागले.