हात खाली सोडला

आईचा फोन आला तेव्हा ताई चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची वाकलेली दांडी सरळ करत होती. घरात तिला सगळे ताईच म्हणत, आईसुद्धा.

"येताना चार्जर आण," आई म्हणाली. "जुन्याची वायर तुटली. खेळ बंद पडला की त्याला अंधारात बसावं लागतं."

"कुणाला?" ताईने विचारलं, पण आईने फोन ठेवून दिला होता.

खरं तर विचारायची गरजच नव्हती. धाकटा भाऊ गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. मागे राहिलं ते बामाचा वास मुरलेलं अंथरूण आणि दोन्ही हातांत मावणारं खेळाचं एक यंत्र. टीव्हीवर लागणाऱ्या जपानी मालिकेतले लढवय्ये त्यात एकमेकांना बदडायचे. आई त्या मालिकेला कार्टून म्हणायची आणि दर वेळी धाकट्याकडून बोलणी खायची. "कार्टून नाही गं, अॅनिमे," असं तो खोकत खोकत सांगायचा. दम लागला तरी ती चूक सुधारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

त्या खेळात 'सावली' नावाचा एक प्रकार होता. यंत्र खेळणाऱ्याचे हात शिकून घ्यायचं आणि मग तो नसतानाही त्याच्यासारखंच लढायचं. एका वेळी एकच सावली आत राहायची. तिला जो हरवील, त्याची सावली तिच्या जागी बसायची. आत्ता आत धाकट्याची सावली होती. पांढऱ्या केसांचा त्याचा लढवय्या झुंज सुरू व्हायच्या आधी दोनदा खाली बसून उठायचा. ही धाकट्याची खास लकब होती, दुसरं कुणी असं करत नसे.

आई दिवसभर त्या सावलीशी खेळत होती. साधा मोबाईल धड वापरता न येणारी बाई, पण या यंत्राच्या मागे हात धुवून लागली होती. जेवणाची शुद्ध नव्हती, अंगठ्यांना फोड आले होते. रोज हरायची आणि पुन्हा सुरू करायची. लेकाला जिंकताना बघायला मिळतं म्हणून मुद्दाम हरत असेल, अशी ताईची समजूत होती. ताईला ते बघवत नव्हतं. भाऊ तर गेलाच, आता आईही हातची जाणार, या विचाराने तिचा जीव खालीवर व्हायचा.

चार्जर पर्समध्ये टाकून जिना चढतानाच तिने मनाशी पक्कं केलं. ती सावली आज हरवायची. सावली गेली की आई निदान रडेल, चार घास खाईल, माणसात येईल.

दुपार भरात होती. तरी घरातले पडदे ओढलेले होते आणि बामाचा वास येत होता. तो वास ताज्या बामाचा होता. बाटली तर तिने स्वतः कचऱ्यात टाकली होती. आई खुर्चीतच पेंगली होती. तिच्या मांडीवरचं यंत्र ताईने अलगद उचललं. कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकत होता.

पांढऱ्या केसांचा लढवय्या दोनदा बसून उठला. ताईला गलबलून आलं. "लबाडा," ती पुटपुटली.

पहिली फेरी त्याने हां हां म्हणता घेतली. दुसरीत मात्र ताईने दात ओठ खाऊन मार चुकवला आणि कशीबशी ती जिंकली. तिसऱ्या फेरीत तिच्या नाकी नऊ आले. एक फटका बसला असता तरी संपलं असतं. इतक्यात पांढऱ्या केसांचा लढवय्या थांबला. त्याने बचावाचा हात खाली सोडला आणि तसाच उभा राहिला.

ही खोड तिची होती. धाकटा आजारी असताना ती शेवटच्या क्षणी बटणावरचा अंगठा काढायची, म्हणजे तो जिंकायचा. त्याला ते कळायचं. "ताई, हात खाली सोडलास. खरं खेळ ना," असं म्हणून तो रुसून बसायचा.

"तू... मुद्दाम?" ती म्हणाली.

लढवय्या हलला नाही. ताईचा अंगठा मात्र खेळाच्या भरात आधीच बटणावर दाबला गेला होता. फटका बसला आणि पांढऱ्या केसांचा लढवय्या कोसळला. पडद्यावर अक्षरं उमटली : जुनी सावली गेली. नवी सावली आत आली.

मागच्या खोलीत कुणीतरी खोकलं.

तो खोकला ताईने शेकडो रात्री ऐकला होता. तिला उठायचं होतं, पण पाय जाणवेनात. हातातलं यंत्रही जाणवेना. ते खुर्चीजवळ फरशीवर पडलेलं होतं. आई दचकून जागी झाली. आधी तिने मागच्या खोलीकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"आई, मी इथे आहे," ताई म्हणाली. म्हणजे तिला तसं वाटलं. आवाज फुटला नाही.

आईने यंत्र उचललं. पडद्यावर एक नवा लढवय्या हात खाली सोडून उभा होता. आई त्याच्याशीच बोलू लागली.

"तू कशाला गं खेळलीस... त्याच्या जागी मी आत जाणार होते. इतके दिवस जीव तोडून खेळत होते, पण मला जिंकताच येत नव्हतं. म्हाताऱ्या बोटांनी कसं जमणार? तुझ्यासाठी नव्हतं गं हे. तुझ्यासाठी नव्हतं."

"आई," मागच्या खोलीतून हाक आली. "भूक लागलीये."

आईने डोळे पुसले. "आले रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडणंही होतं आणि आनंदही होता, आणि तो आनंद तिला लपवता येत नव्हता.

लाल दिवा आता जोरजोरात लुकलुकत होता. आईने ताईची पर्स उघडली, नवा चार्जर काढला, त्याचं वेष्टन दातांनी फाडलं आणि वायर यंत्राला जोडली. मग वाकून, पडद्याला ओठ लावून ती हळूच म्हणाली,

"घाबरू नकोस. तुला अंधारात बसू देणार नाही."