स्पंजाचं विरजण

समुद्रावर पोट असलेल्या माणसाने घरात गोड्या पाण्यातले मासे पाळावेत, याची विजयदुर्गच्या जेटीवर भरपूर टिंगल व्हायची. "दर्यातले कमी पडले काय रे?" असं जो तो रमीझला विचारायचा. रमीझ हसायचा आणि शुक्रवारी होडी किनाऱ्याला असली की टाकीचं पाणी बदलायला बसायचा. नळीचं एक टोक टाकीत सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं, पाणी आलं की नळी खालच्या बादलीत. दर वेळी एखादा घोट तोंडात जायचाच. भरायचं पाणी आदल्या दिवशी उघड्यावर ठेवलेलं असायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. फिल्टरमधला काळपट स्पंज मात्र तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधी धरायचा नाही.

"ह्यात जीव आसत," तो बायकोला सांगायचा. "ते घाण खातत म्हणान मासे जगतत. नळाच्या पाण्यान मरतले ते."

सनोबर देवगडच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात हे तिला नवऱ्याने शिकवायला नको होतं. पण त्याला शिकवायची हौस, म्हणून ती ऐकून घ्यायची.

ऑक्टोबरात रमीझ आणि त्याचा चुलत भाऊ इरशाद दोघांच्या मालकीच्या होडीवरून मासेमारीला गेले आणि इरशाद एकटा परत आला. "लाटेन नेल्यान तेका, भाभी," एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडला. मयत सापडलं नाही. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. सगळ्या गावाने त्याच्या पाठीवर हात फिरवला.

होडीवरची निळी दोरी तेवढी सनोबरने पाहिली. तिचं टोक कोयतीने कापल्यासारखं साफ होतं. विचारल्यावर इरशाद म्हणाला, होडीच्या इंजिनाच्या पंख्यात गेली. पंख्यात गेलेल्या दोरीचा भुगा होतो, हे बंदरावर वाढलेल्या बाईला कळतं. पण एका दोरीच्या टोकावर कुणाला फाशी देता येत नाही. सनोबर गप्प बसली. तिला इरशादचा जीव हवा होता. ही गोष्ट तिने स्वतःपासून लपवली नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगितलीही नाही.

इरशादचं घर अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडेच. होडी आता त्याच्या एकट्याची झाली होती. त्याने हॉलमध्ये रमीझच्या टाकीच्या दुप्पट मोठी टाकी आणली, सोनेरी मासे सोडले, आणि आठवड्यात ते उलटे तरंगायला लागले. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट झालं. बायको जोया बाळंतपणाला बांद्याला माहेरी गेलेली, ती यायच्या आत त्याला टाकी सजवून दाखवायची होती. एका तिन्हीसांजेला तो सनोबरच्या दारात उभा राहिला.

"भाभी, रमीझभायच्या फिल्टरातलो स्पंज अर्धो कापून देशात काय? दुकानवालो म्हणता, जुनो स्पंज घातलो काय नवी टाकी लागता, मासे जगतत."

आतून सनोबरची सासू वजीरा म्हणाली, "दिवे लागल्यार विरजण कोणाक देवचा नसता गो. सकाळी दी."

"ता विरजण नाय, चाची. स्पंज आसा."

"घरातला जिता काय ता विरजणच."

सनोबरने स्पंज कात्रीने अर्धा कापला. इरशादने हात पुढे केला होता, पण तिने तो उंबऱ्यावर ठेवला. ठेवताना तिच्या मनात चांगलं काही नव्हतं.

इरशादची टाकी लागली. पाणी काचेसारखं नितळ झालं. तो जेटीवर फुशारकी मारत फिरला. मग पुन्हा मासे मेले, या वेळी नितळ पाण्यात, एकेक करून. सनोबर ड्रॉपर आणि कुपी घेऊन गेली. माशांना मारणारा अमोनिया शून्य, बाकी सगळं जसं हवं तसं.

"पाणी खारा लागता, भाभी," इरशाद म्हणाला. "मी चाखून बघलंय."

विजयदुर्गात विहिरीला खारं पाणी लागणं ही काही नवलाची गोष्ट नाही. सनोबरने त्याच्या विहिरीचं पाणी चाखलं. गोडं होतं. मग टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. दुसऱ्या दिवशी ती लॅबमधून खारटपणा मोजायचं मीटर घेऊन आली. आकडा समुद्राचा होता.

त्याने टाकी रिकामी केली, घासली, विहिरीच्या पाण्याने भरली. सकाळी पुन्हा खारं. घरी येऊन सनोबरने आपल्या टाकीत मीटर बुडवलं, तर तिथलं पाणी विहिरीसारखं गोडं. तोच स्पंज, आणि दोन्हीकडे भरलेलं पाणी गोडंच. तिने हिशेब लावायचा प्रयत्न सोडून दिला. बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग इरशादच्या फिल्टरमध्ये रेती यायला लागली. बारीक, करडी, खोल पाण्यातली. नंतर धागे. ते त्याने तळहातावर धरून तिला दाखवले.

निळे नायलॉनचे धागे होते.

शुक्रवारी दुपारी त्याने तिला बोलावून घेतलं. तो खुर्चीत बसला होता, खोकत होता, आणि खोकताना रुमालात नुसतं पाणी पडत होतं. टाकीत आता एकही मासा नव्हता. पंप चालू होता.

"जाळा पंख्यात गुतलेला," तो म्हणाला. "रमीझभाय कमरेक दोरी बांधून खाली उतरलो. जाळा सोडवल्यान. होडी खडकार जाय होती. दोरी पंख्यात गेली असती, म्हणान मी ती कापलंय आणि इंजिन चालू केलंय."

"मग?"

"तो हाक मारी होतो."

"आणि तू?" सनोबरने विचारलं.

"मी परत फिराक नाय, भाभी. वाटला, होडी तरी रवात."

इतके महिने जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं होतं. तिला वाटलं होतं, आपण किंचाळू. तसं काही झालं नाही. छातीत एक थंड, स्वच्छ समाधान पसरलं.

"तो स्पंज काढा तुमी," इरशाद म्हणाला. "मी काढूक गेलंय, पण माका त्या पाण्यात हात घालवत नाय. तुमी दिलास, तुमीच काढा. तुमच्या पाया पडतंय."

फिल्टर तिच्या हाताच्या अंतरावर होता. झाकण उचलायचं आणि स्पंज ओढायचा, एवढंच काम. तिने टाकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"रवांदे," ती म्हणाली. "आता लागली आसा टाकी."

आणि घरी आली.

संध्याकाळी गडग्यापलीकडून हाक आली. "भाभी." सनोबर तांदूळ निवडत होती. पुन्हा हाक आली, या वेळी घोगरी, तोंडात काही असताना मारल्यासारखी.

"कोण हाक मारता गो?" वजीराने आतून विचारलं.

"कोण नाय," सनोबर म्हणाली.

तिसऱ्यांदा हाक आली. सनोबर खडे बाजूला काढत राहिली. मग सगळं शांत झालं.

सकाळी खलाशांनी दार फोडलं. इरशाद टाकीसमोर पालथा पडला होता. फरशी कोरडी, कपडे कोरडे, टाकी काठोकाठ भरलेली. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि शेवटी खालच्या आवाजात सांगितलं की माणूस बुडून गेला आहे. सनोबर मयताला गेली. जोया तान्ह्या मुलीला घेऊन आली होती. सनोबरने जोयाला कुशीत धरलं, पण तिला स्वतःला काही वाईट वाटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ती पाणी बदलायला बसली. सकाळचं ऊन टाकीत तिरपं उतरलं होतं. सगळे मासे काचेला तोंड लावून तिच्याकडे बघत होते. भूक लागली असेल, असं तिला वाटलं. तिने नळी टाकीत सोडली आणि दुसरं टोक तोंडात धरलं.

"सनोबर," वजीराने आतून विचारलं, "कोण हाक मारता गो?"

सनोबरला काही ऐकू आलं नव्हतं. "कोण नाय" म्हणायला तिने नळी काढली, पण तोंड पाण्याने भरलं होतं.

पाणी खारट होतं.