कापलेली टोकं

"माझ्या बापाने ते दार बांधलेलं नाही," मयुरी मोरे म्हणाली आणि कुणी बस म्हणायची वाट न पाहता खुर्चीत बसली.

सुरतेत, भेस्तानच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात मंदाताई वानखडे बारा वर्षं खासगी तपासाची कामं करत होत्या. कामगारांचे अपघात, विम्याची भांडणं, लग्नाआधीच्या चौकशा. भिकन पाटील त्यांचा रिक्षावाला, पण ते नावापुरतं. लोकांना बोलतं करायचं आणि ताईंच्या मागे उभं राहून आपल्याला सगळं कळल्यासारखं तोंड करायचं, हेही त्याच्याचकडे होतं. कळायचं मात्र सगळ्यांत शेवटी. रिक्षा घेण्याआधी अकरा वर्षं त्याने यंत्रमागावर काढली होती. तेव्हापासून कान जड झाले होते, म्हणून तो बोलायचाही मोठ्याने.

प्रकरण त्याने पेपरात वाचलं होतं. लिंबायतचा एक कारखाना, खाली यंत्रमाग, वर साड्यांना लेस लावणाऱ्या आठ बायका. मंगळवारी दुपारी वर शॉर्टसर्किट झालं आणि खोलीत धूर कोंडला. दार बाहेरून दोरीने बांधलेलं होतं. सात जणी वाचल्या. साक्षी इंगळे, वय बावीस, गुदमरून गेली. ज्याने पहारीने दार फोडलं, त्या वॉचमन दगा मोरेलाच पोलिसांनी उचललं.

"त्यांनाच का धरलं?" मंदाताईंनी विचारलं.

"आदल्या दिवशी साक्षीला उशीर झाला म्हणून गेटवर दोघांचं वाजलं होतं. शिवाय माझ्या आज्याने साक्रीकडे बांधाच्या भांडणात माणूस मारला होता. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. कारखान्यातल्या लोकांनी तेही पोलिसांना सांगितलं."

"खुन्याच्या पोटचा म्हटल्यावर..." भिकन पुटपुटला. पण त्याचं पुटपुटणं शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जायचं.

मयुरीने त्याच्याकडे पाहिलं. रडली असती तर भिकनला बरं वाटलं असतं. ती रडली नाही.

"उद्या दुपारी कोर्टात नेणार आहेत. मोठं कलम लावून. एकदा आत गेले की माझे बाबा बाहेर येत नाहीत," ती म्हणाली आणि मोबाइल पुढे केला.

मंगळवारी गर्दीतल्या कुणीतरी काढलेला तो फोटो होता. पहारीने कोयंडा चौकटीतून उपटला होता, पण कडी आणि कोयंडा एकत्र बांधणारी सुताची दोरी तशीच होती. पेन्सिलीएवढी जाड. मंदाताईंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"भिकन, काय दिसतं?"

"दोरी. नीट बांधलीय."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे नीट, ताई. गाठ मारली, टोकं कापली. आणखी काय असतं गाठीत?"

"तुझे बाबा कधी मागावर होते?" ताईंनी मयुरीला विचारलं.

"कधीच नाही. आधी वीटभट्टी, मग वॉचमन."

लिंबायतला जाताना उधन्याच्या पुलाजवळ रिक्षाच्या पडद्याची दोरी तुटून फडफडायला लागली. भिकनने रिक्षा बाजूला घेतली, दोन्ही टोकं चिमटीत धरून एका झटक्यात जोडली आणि बाहेर लोंबणारे टोकांचे शेव दातांनी तोडून थुंकले.

"शेव का तोडलेस?" मागून ताईंनी विचारलं.

"मन्हा हातले सवय शे, ताई," भिकन हसला. "त्यात काय विचारायचं?"

लिंबायतच्या त्या गल्लीत शिरल्यावर भिकनचं डोकं तापलं. माग चालू होते. पोरगी जाऊन चार दिवस झाले नव्हते आणि शेठने तिसऱ्याच दिवशी कारखाना सुरू केला होता. गल्लीत दोन्ही बाजूंनी असा खडखडाट, की कारीगर आत हातवाऱ्यांनी बोलत होते. वरच्या खिडकीभोवतीची भिंत काळी होती आणि तिच्याखाली साड्यांचे गठ्ठे टेम्पोत चढत होते.

गेटासमोर सीताबाईची चहाची गाडी होती. तिच्या कानाशी तोंड नेऊनच बोलावं लागलं.

"लाइट गयी, पुरी गल्लीनी," ती म्हणाली. "समदा माग बंद. तवय पहिल्यांदा माले मन्हा स्टोना आवाज ऐकू उना. सात वरीस झाले गाडी लावस मी. कारीगर समदा चहाले बाहेर उनात. धूर त्याना मांगे दिखना."

"दगा कुठे होता?"

"आठेच! मन्हासमोर, स्टुलावर. एकदम उठना, म्हणे बाया वरडतीस. आमले तर कोणलेच काही ऐकू येत नव्हतं. पहार लिधी आनि पळना."

"एकदाच वर गेला? की जाऊन पहारीसाठी परत आला?"

"एकदाच. पहार लिसनच गया."

"पोलिसांना सांगितलंत?"

"माले कोण विचारस?" सीताबाई म्हणाली आणि कप विसळायला लागली.

ऑफिसात मॅनेजर प्रशांत होता. जन्म सुरतचा, आडनाव मराठी, अर्धं बोलणं गुजराती. कडक इस्त्रीचा शर्ट.

"जुओ बेन, मी त्या टायमाला कडोदऱ्याला होतो. यार्नवाल्याकडे. तिथे कॅमेरे आहेत, बघून घ्या. मने शुं खबर कोणी दार बांधलं?"

"बायकांवर लक्ष कोण ठेवतं?"

"सुकदेव मास्तर. सकाळी मीच फोनवर बोललो होतो, की बायका पाणी प्यायला घडी घडी खाली उतरतात, जरा बघा. बांधा असं नव्हतं सांगितलं हां!"

"पाणी वर का नाही ठेवत?"

प्रशांतने मोबाइल कानाला लावला. कामाचा फोन आल्यासारखं केलं.

बॉबिन भरायच्या कोपऱ्यात श्रीपत बसला होता. जालन्याचा, तिशीचा. साक्षीला त्याने मागणी घातली होती आणि तिने नाही म्हटलं होतं, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. म्हणून पोलिसांनी त्यालाही दोन कानाखाली दिल्या होत्या.

"म्या कशाला बांधू दार?" तो म्हणाला. "नाही म्हणली तर म्हणली. तिचा हक्क हाय." त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. "पट्ट्यात गेला, दोन वर्सं झाली. तवापासून मागावरून काढलं, हितं बसवलं."

"मंगळवारी काही वेगळं घडलं का?"

"सकाळी हसल्या सगळ्या. मास्तर बायांवर वरडला, तर साक्षी म्हणली, मास्तर, तहान लागायला बी तुमची चिठ्ठी लागती का? आठी जणी खदाखदा हसल्या. मागावाले बी हसले."

सुकदेव मास्तर साठीकडे झुकलेला, अमळनेरकडचा, कपाळाला बुक्का. तीस वर्षं मागावर, सहा वर्षं मास्तर. भजनी मंडळाचा अध्यक्ष. भिकनने वाकून नमस्कारच केला, कारण त्याला सुरतेत पहिलं काम याच माणसाने लावून दिलं होतं.

"लेकीसारखी होती हो," मास्तर म्हणाला आणि त्याचे डोळे खरोखर भरले. "मी आत होतो, सहा नंबरच्या मागापाशी. या खडखडाटात वरचं काय ऐकू येणार? नाहीतर मी धावलो नसतो का? पण दगाच्या घराण्याचं तुम्ही ऐकलंच असेल."

"ऐकलंय," मंदाताई म्हणाल्या.

संध्याकाळी वैशालीला गाठलं. वाचलेल्या सात जणींपैकी ही एक. घसा बसला होता. "साक्षी सगळ्यांना खिडकीकडे ढकलत होती. ती दारापाशीच राहिली, धक्के मारत. धूर भरल्यावर जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी दारापर्यंत आलं. आम्ही ओरडलो, उघडा, उघडा! ती पावलं थांबली. आणि मग खाली गेली." तिने भिकनकडे पाहिलं. "दादा, खाली गेली. पोलीस म्हणतात तो दगाकाका होता, पहार आणायला गेला."

परतताना भिकन रिक्षा उगाच जोरात हाणत होता. उघडा उघडा असं ऐकूनही माणूस खाली जातो? त्याला कुणाचं तरी नरडं धरावंसं वाटत होतं, फक्त कुणाचं ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळे कारखान्याच्या मागच्या जिन्याच्या वरच्या पायरीशी उभे होते. मंदाताईंनी बोलावलेला लिंबायत ठाण्याचा पीएसआय घड्याळ बघत होता. मयुरी आत, काळवंडलेल्या खोलीत. नव्या दाराला अजून नुसते दोन कोयंडे होते; कडी नसल्याने ते सारखं उघडत होतं.

"प्रशांतभाई, पाच मिनिटं मेन स्विच पाडा," मंदाताई म्हणाल्या.

माग थांबले. मग आतून मयुरीने दार ठोठावलं, नुसत्या बोटांनी. खालच्या पायरीवरच्या श्रीपतनेही मान वर केली.

"सीताबाईला त्या दिवशी स्वतःच्या स्टोव्हचा आवाज आला," मंदाताई म्हणाल्या. "कारण सगळी गल्ली बंद होती. ज्या शॉर्टसर्किटने धूर झाला, त्यानेच लाइट गेली. म्हणजे बायका ओरडल्या तेव्हा एकही माग चालू नव्हता. बरोबर, मास्तर?"

सुकदेव मास्तर जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता.

"साहेब, हे दार सारखं उघडतंय," ताई पीएसआयला म्हणाल्या आणि सुताची दोरी काढली. "मास्तर, जरा बांधता?"

मास्तरने दोरीकडे पाहिलं. तो मूर्ख नव्हता. त्याने दोरी कोयंड्यांतून ओवली आणि मुद्दाम वेडीवाकडी, पोरासोरांसारखी दोन फेऱ्यांची गाठ मारली. भिकनलाही कळलं, की तीस वर्षं मागावर काढलेला माणूस अशी गाठ मारत नाही.

मग मास्तरचा हात खिशात गेला. छोटा कटर बाहेर आला आणि गाठीची दोन्ही टोकं तांदळाएवढी ठेवून कापली गेली.

मास्तरने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"दार बांधणारा माणूस टोकं कापत नाही," मंदाताई म्हणाल्या. "कशाला कापेल? पण मागावर लोंबतं टोक फणीत अडकतं आणि शेजारचे धागे तोडतं. म्हणून विणकर गाठ मारली की टोक कापतो, दिवसातून शंभर वेळा. माझ्या भिकनने रिक्षाच्या दोरीचे शेव दातांनी तोडले. काल फोटो पाहून त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण त्याच्या हाताला गाठ म्हणजे तेवढंच ठाऊक आहे. दगा मागावर कधी नव्हता. प्रशांतभाई कडोदऱ्याला होते, कॅमेऱ्यात आहेत. श्रीपतला अंगठा नाही, त्याला ही गाठ जमतच नाही. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा खालचे कारीगर सगळे सीताबाईच्या गाडीवर होते. जिन्यावरून उतरलेली पावलंही दगाची नव्हेत. तो एकदाच धावला, पहार हातात घेऊन. आणि ओरडणं त्यालाच ऐकू आलं, कारण या गल्लीत ज्याचे कान शाबूत आहेत असा तो एकटाच. तुम्ही मात्र दारापाशीच होतात, मास्तर. तिथे जड कानांनाही ऐकू येतं."

"अर्धा तास," मास्तर म्हणाला. आवाज चिरकला. "फक्त अर्धा तास बांधायचं होतं. सगळ्यांसमोर हसल्या मला. माझ्या लेकीच्या वयाच्या! मला काय माहीत शॉर्टसर्किट होईल? मी वाईट माणूस नाही हो, बाई. भिकन, तू सांग. मी वाईट माणूस आहे का?"

भिकन एक पायरी मागे सरला.

"दोरी बांधलीत तोवर तुम्ही फक्त चिडलेला माणूस होतात," मंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पहिल्यांदा चढला होता. "तसे आम्ही सगळेच होतो कधी ना कधी. पण धूर झाला आणि तुम्ही वर आलात. इथे, या पायरीवर. आत साक्षी धक्के मारत होती. दार उघडलं की सगळ्यांना कळणार, बांधलं कुणी. अध्यक्ष, मास्तर, कपाळाला बुक्का. ते नाव वाचवायला तुम्ही खाली गेलात. शिवाय पोलिसांना दगाच्या बापाची गोष्ट सांगितलीत. माणसातलं वाईट कुठून येतं ते रक्तात शोधत बसलेत सगळे! ते इथे आलं, मास्तर, या पायरीवर. ज्या कटरने टोकं कापलीत तो तेव्हाही तुमच्या खिशात होता. एकदा फिरवायचा होता फक्त."

आतून मयुरीचं हुंदका आवरणं सगळ्यांना ऐकू आलं. पीएसआयने मास्तरच्या हातून कटर काढून घेतला.

दगा मोरेला सोडायला पुढचा दिवस उजाडला. मयुरी आणि तो भिकनच्या रिक्षात मागे बसले, ताई पुढच्या चौकात उतरणार होत्या. दगा बारीक चणीचा, पहारीने हातांना फोड आलेले, अजून चिघळलेले. चार दिवस कुणी मलम लावलं नव्हतं.

भिकनला काल रात्रीपासून एक वाक्य छळत होतं, त्याने स्वतःच उच्चारलेलं, मयुरीच्या तोंडावर. आणि मास्तरला वाकून केलेला नमस्कार. त्याला मास्तरचा राग होता, पोलिसांचा होता, शेठचा होता. पण आरशात दिसणाऱ्या तोंडाचा सगळ्यांत जास्त होता.

"काका!" तो ओरडलाच. "मी तुमच्याबद्दल वाईट बोललो! तुम्हाला न बघता! खुन्याच्या पोटचा म्हणालो! मला माफ करा!"

शेजारच्या रिक्षातली माणसं वळून बघायला लागली.

"हळू बोल, भाऊ," दगा म्हणाला. "मला ऐकू येतं."