साध्या पेट्रोलची टाकी

पोरगी पाहायला आलेल्या पोराच्या हातात लोक चहाची कपबशी देतात. शिरपूरच्या सुकदेवआबांच्या घरी मात्र गाडीची चावी द्यायचे, वर पेट्रोलचे पैसेही.

"जरा टाकी भरून आणा," आबा म्हणायचे. "आमची दिपमाला पंप दाखवेल."

कोणतं पेट्रोल, ते सांगायचे नाहीत. तीच तर मेख! गाडी साधी, साधं पेट्रोल पिऊन गुमान चालणारी. तिला जो महागडं प्रीमियम पाजेल तो पोरगा दिखाऊ, आबांच्या लेखी बाद. अशी तीन स्थळं बाद झाली होती.

पण त्या तिघांना "आमच्या आबांना बाई प्रीमियमच लागतं" असं गोड तोंडाने सांगितलं कोणी? दुसरं कोण, दिपमालानेच. एकाने रस्ताभर आपल्या पगाराची आरती म्हटली. दुसरा तिच्यापेक्षा गाडीच्या आरशात स्वतःलाच जास्त पाहत होता. तिसरा योगेंद्र. तो म्हणाला, लग्नानंतर कॉलेजातली लायब्ररीची नोकरी सोडावी लागेल. सोडते हं, असं मनात म्हणत तिने त्यालाच सोडलं!

आज चौथा. पाचोऱ्याचा नवल, बी-बियाण्याच्या दुकानाचा मालक. आईवडील आत पोहे खात बसलेले, आणि हा गाडीत बसून चावी नुसतीच बोटांत फिरवत होता.

"काय झालं? चालवता येत नाही?" दिपमालाने टोचलं.

"येते की. पण तुम्हाला येते का?"

"तुमच्यापेक्षा बरी."

"मग चालवा ना! मी बसतो निवांत. पंपाचा रस्ता तुम्हाला माहीत, मी उगाच कशाला मिरवू?"

दिपमाला पाहतच राहिली. आजवर एकानेही हे विचारलं नव्हतं... आबांच्या नजरेआड, वळणापुढे नवलने गाडी थांबवली आणि दोघांनी जागा बदलल्या.

हायवेवर कापसाने फुगलेला ट्रक पुढे चालला होता. थंडीच्या वाऱ्यावर एक पुंजका खिडकीतून आत आला आणि थेट नवलच्या केसांत जाऊन बसला. त्याला पत्ता नाही. दिपमालाला हसू आवरेना.

"हसता काय?"

"काही नाही. म्हातारे झालात."

"इतक्या लवकर? अजून होकारही नाही!"

तिने ओठ दाबले, पण गालाने चुगली केलीच.

पंपावरच्या माणसाने नळी उचलली आणि चालवणारीच्या खिडकीशी वाकला. "ताई, साधं की प्रीमियम?"

 दर वेळी पोरगा बोलायचा, दिपमाला नुसती कानात फुंकर घालायची. आज प्रश्न सरळ तिलाच होता. तिने नवलकडे पाहिलं.

"माझ्याकडे नका पाहू," तो हळूच म्हणाला. "योगेंद्र माझा मावसभाऊ. त्याला तुम्ही प्रीमियम सांगितलं, अन् तुमच्या आबांनी पोह्यांवर पाणीसुद्धा विचारलं नाही. मला बठ्ठं, अगदी सगळं ठाऊक शे."

"मग... तुम्ही आलात कशाला?"

"म्हटलं, जी पोरगी इतकं डोकं लढवून नाही म्हणते, ती हो कशी म्हणते, ते पाहावं." तो हसला, पण मघाशी चावी फिरवणारा हात आता गुडघ्यावर घट्ट आवळला होता. "तुम्ही सांगाल ते. प्रीमियम म्हणालात तरी... राग नाही."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. "ताई, बोला ना!"

दिपमालाने डोळे मिटले, उघडले.

"साधं," ती म्हणाली. "टाकी फुल करा."

 परतीच्या वाटेवर त्या गोड गडबडीत जागा बदलायच्या राहूनच गेल्या! गाडी अंगणात शिरली, आबा ओट्यावरच उभे. चालवायला कोण, ते त्यांनी पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"कोनतं टाकं?" त्यांनी नवलला विचारलं.

नवल तोंड उघडणार, तोच दिपमाला खाली उतरली.

"साधं, आबा. मी सांगितलं." तिने पदर... छे, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या तिघांनाही मीच सांगितलं होतं. प्रीमियम टाका म्हणून."

 आबा कधी लेकीकडे बघत, कधी गाडीकडे. दारातून तिची माय प्रमिलाबाई गरजली, "पोरं पारखाले चालनात, अन् घरनी पोर समजनी नही! आते तरी त्याले मझार, घरमा ल्या. भरीत थंड हुई राह्यनं."

आबांनी लेकीच्या हातातली चावी घेतली. तळहातावर जोखली... आणि परत तिच्याच मुठीत ठेवली.

"ठेव. आते पाचोराना रस्ता तुले पाठ करना पडी."

ते आत वळले. नवल अजून पायरीखालीच, पाहुण्यासारखा अवघडून उभा. दिपमाला त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या केसांतला कापूस अलगद काढून घेतला.

"चला आत," ती म्हणाली. "आता तरुण दिसताय."