उंबऱ्यावर तिसरा जोड

सकाळी स्टुडिओत गेले की मी आधी धूळ झाडते. खोलीतली नव्हे, अंगणातली. अंगण चार फूट लांब, तीन फूट रुंद, टेबलावर बांधलेलं. त्यात द्राक्षाचा मांडव आहे, त्याची अडीचशे पानं चहाच्या पुड्यांच्या कागदातून कापलेली. ती ब्रशनं एकेक करून झाडायची. मग बसायचा लाकडी चौथरा, त्यावरच्या गाद्या, किटली, वाट्या. शेवटी घराचा उंबरा आणि त्यापाशी काढून ठेवलेले रबरी सपातांचे दोन जोड, एक म्हाताऱ्याचा, एक म्हातारीचा. आमच्या ताश्कंदच्या जुन्या वस्तीत आत किती माणसं आहेत ते उंबऱ्यावरच्या सपातांवरून कळतं, म्हणून मी त्यांच्यावर घरापेक्षा जास्त मेहनत घेतली होती. सायकलच्या ट्यूबचं रबर, आत लाल बनातीचं अस्तर.

सिनेमा अकरा मिनिटांचा. मूलबाळ नसलेलं एक म्हातारं जोडपं वर्षभर एकमेकांशी बोलत नाही, एवढीच गोष्ट. वीतभर उंचीच्या दोन बाहुल्या. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. सेकंदाला बारा फोटो. हे काम गेन्नादी पाक करायचे. वय बासष्ट, कुयलुकच्या कोरियन वस्तीत एकटेच राहायचे. मी त्यांना गेना-अका, म्हणजे गेनादादा, म्हणायची. तेवीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काम केलं. मी वस्तू करायची, ते त्या हलवायचे.

एप्रिलच्या अखेरीस एके दिवशी दिल्दोरानं मला कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ बोलावलं. ती दिग्दर्शिका, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी, मला ओपा म्हणजे ताई म्हणते.

"झुमराद-ओपा, हे बघा. उंबऱ्यावर."

दोन फोटोंमध्ये, फक्त दोनच, उंबऱ्यावर सपातांचे तीन जोड होते. तिसरा अगदी लहान. आधीच्या फोटोत नाही, नंतरच्या फोटोत नाही.

"या दोघांना मूल नाही हो. सगळी गोष्टच त्यावर उभी आहे," ती म्हणाली. "तुम्ही ठेवलात?"

"मी यादीबाहेरची टाचणीसुद्धा ठेवत नाही."

"मग?"

मी चित्र मोठं करून पाहिलं. माझ्या उजव्या तर्जनीचं टोक फार पूर्वी करवतीनं नेलंय. त्यामुळे मी कापलेल्या प्रत्येक टाचेला डावीकडे किंचित तिरका छेद येतो, कितीही जपलं तरी. त्या चिमुकल्या टाचेला तो छेद होता.

मी तो जोड केला नव्हता. हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच हेही की तो माझ्या हातचा दिसत होता. कुणीतरी माझी नक्कल करत होतं. आणि दोन फोटोंच्या मधल्या वेळात त्या काळ्या पडद्यांच्या खोलीत एकच माणूस असायचा.

मी दिल्दोराला काही बोलले नाही. लक्ष ठेवायला लागले.

माझ्या रबराच्या तुकड्यांवर खुणा केल्या. बनातीचं कापड मोजून ठेवलं. त्यातलं काहीच कमी होत नव्हतं, पण म्हणून माझा संशय कमी झाला नाही. गेना-अका हल्ली माझ्याही आधी यायला लागले होते. मी दार उघडलं की ते अंगणावर वाकलेले असायचे आणि मला पाहून सरळ व्हायचे. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या हातांकडे बघायची सवय लागली. जेवताना ते गाजराची कोशिंबीर नेहमीसारखी माझ्याकडे सरकवायचे. मी भूक नाही म्हणायची.

"तब्येत बरी आहे ना गं?" त्यांनी एकदा विचारलं. "झोप लागते?"

"का? न लागायला काय झालं?"

"सहज विचारलं. काही असेल तर सांगत जा."

हा माणूस मलाच चाचपून बघतोय, असं मला वाटलं.

मे महिन्याच्या मध्यावर मी मुद्दाम तासभर लवकर गेले. तुतीच्या झाडांखालचा फुटपाथ पिकल्या फळांनी काळा झाला होता. चपला हातात घेऊन मी जिना चढले. दाराच्या फटीतून पाहिलं. गेना-अकांनी उंबऱ्यावरून चिमट्यानं काहीतरी उचललं, तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिलं आणि खिशात टाकलं.

"काय आहे खिशात?" मी आत जाऊन विचारलं.

"काही नाही."

"गेना-अका, मी पाहिलंय."

"पाहिलंस तर विसरून जा. ऐक माझं."

दिल्दोरा आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. त्यांच्या देखतच. माझ्या हातची नक्कल करतात, सिनेमा बिघडवतात, का ते मला माहीत नाही. तिनं त्यांना खिसा रिकामा करून दाखवायला सांगितलं. ते म्हणाले, नाही दाखवणार. हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होते. रागानं नव्हे. मला आठवतंय, कारण राग असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी खिळ्यावर खोलीची किल्ली अडकवली आणि गेले.

पुढचे नऊ दिवस उंबरा स्वच्छ होता. बाहुल्या दिल्दोराच हलवायला लागली. सावकाश जमत होतं. मीही समाधानात होते असं म्हणायला हवं. दहाव्या दिवशी भरदुपारी मी तिच्या शेजारी उभी राहून मांडवाचं एक पान चिकटवत होते. तिनं फोटो काढला, म्हातारीची मान हलवली, पुन्हा फोटो काढला. आणि थांबली.

"ओपा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचा हात कुठे होता?"

"मांडवावर. का?"

तिनं बोट दाखवलं.

उंबऱ्यावर तिसरा जोड होता. या वेळी लहान नव्हता. म्हाताऱ्याच्या सपातांपेक्षाही बोटाच्या रुंदीएवढा लांब. टाचेला डावीकडे तिरका छेद.

मी तो कागदात गुंडाळला आणि बसनं कुयलुकला गेले.

गेना-अकांनी दार उघडलं. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि चहा ठेवला. मी पुडी उघडून जोड टेबलावर ठेवला. ते खुर्चीत बसले.

"हा कधीचा?"

"आजचा. आम्ही दोघी तिथेच होतो."

ते उठून औषधाची एक डबी घेऊन आले. आत कापसावर सहा जोड होते, प्रत्येकाखाली तारखेची चिठ्ठी. त्यांनी ते ओळीनं मांडले. पहिला मार्चमधला, मक्याच्या दाण्याएवढा. पुढचा त्याहून थोडा मोठा. त्यापुढचा आणखी. माझा सातवा शेवटी ठेवला.

"एका सकाळी उचलायला उशीर झाला," ते म्हणाले. "दोन फोटो काढल्यावर लक्षात आलं. तेच तिनं पाहिले."

"सांगितलं का नाहीत?"

त्यांनी चहाची वाटी हातात फिरवली. "मला वाटलं, तूच करतेस. पहिला जोड एवढासा होता, झुमराद. मला वाटलं, त्याच्यासाठी करतेस. म्हटलं, दिल्दोरा तरुण आहे, तिला काय कळणार. उगाच हसेल. म्हणून उचलून ठेवत गेलो."

माझा मुलगा अकरा दिवस जगला होता. त्याला बावीस वर्षं झाली. त्या दिवशी कब्रस्तानात आलेल्या माणसांपैकी ताश्कंदमध्ये आता फक्त गेना-अका उरलेत. या बावीस वर्षांत त्याचा विषय कुणीच काढला नव्हता, मीसुद्धा नाही.

"मी नाही केले," मी म्हणाले.

"आता कळलं."

 मग मी एकेक सपात उलटी केली. वस्तू जुनी दाखवणं हे माझं रोजचं काम आहे. पॉलिश पेपरनं घासलं की सरळ बारीक ओरखडे उठतात, भिंगातून लगेच ओळखू येतात. या तळव्यांवर ओरखडे नव्हते. रबर बाहेरच्या कडेला गुळगुळीत झिजलं होतं, चालून झिजतं तसं.

दुसऱ्या दिवशी गेना-अका माझ्याबरोबर परत आले. दिल्दोरानं त्यांची क्षमा मागितली. जूनमध्ये चित्रीकरण संपलं. त्या दिवसांत उंबऱ्यावर पुन्हा काही आलं नाही, आणि आम्हीही त्याबद्दल बोललो नाही.

अंगण मोडायचं काम माझंच. दुपारी पडदे उघडून, खिडकीतून ऊन आत घेऊन मी सुरुवात केली. मांडव सोडवला, चौथरा काढला. मग घराच्या छपराला हात लावला. ते मी सरसानं पक्कं बसवलं होतं, पातं घालून उचकटावं लागणार असा माझा अंदाज होता.

ते नुसत्या बोटांनी उचललं गेलं.

आमची घरं आतून रिकामी असतात. कॅमेऱ्याला दिसत नाही ते कुणी बांधत नाही. दाराला लागून जी उंच खिडकी होती, तिच्यामागे मी जमिनीपासून छपरापर्यंत काळ्या कागदाची एकच पट्टी लावली होती.

पट्टीला आतून भोकं पडली होती. टाचणीनं पाडलेली नव्हेत. बोटानं घासून घासून कागद झिजवून डोळा लावण्यापुरती पाडावीत, तशी.

एकाच्या वर एक. पहिलं जमिनीपासून जेमतेम बोटभर उंचीवर. सगळी माझ्या कामाच्या खुर्चीकडे तोंड करून.

डबीत सपातांचे जोड सात होते.

भोकं मी दोनदा मोजली. आठ होती, आणि आठवं अगदी छपराला लागून होतं.