मोरीत शिजलेला चीक

रेणुकानं मोरीच्या चेंबरचं झाकण धरलं आणि त्याच वेळी पलीकडून आणखी दोन हात त्याच झाकणावर आले. तिनं मान वर केली… आणि झाकण उचलायचं विसरूनच गेली. असे डोळे असतात का कुणाचे, भर दुपारी!

"सोडा, मी उचलतो," तो म्हणाला. "मी नागसेन. मागच्या खोलीत नवीन आलो. डेअरीवर कामाले आहो."

"मी रेणुका, पुढच्या खोलीतली. अन् झाकण मलेही उचलता येते."

"मंग दोघं मिळून उचलू. पण वास काय आंबट येऊन राह्यला हो! मोरीत कोणं काय टाकलं?"

"मीच. कुरडयांची भांडी धुतली," रेणुका ठसक्यात म्हणाली. कान मात्र लाल झाले तिचे.

उंद्री गावात ऊन तापू लागलं, की तिच्या कुरडयांना पार चिखलीहून मागणी यायची. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळून चोथा बाजूला काढायचा, खाली बसलेला पांढरा चीक शिजवायचा. जीव होता तिचा त्या कामावर. आणि आज सकाळीच घरमालक महादेवराव अंगणात उभे राहून गरजले होते, "सांजपर्यंत मोरी मोकळी झाली नाही, तं कुरडया बंद म्हणजे बंद!" आई म्हणाली, जाऊ दे पोरी. पण रेणुका कसली जाऊ देते!

तिनं बांबूची कामटी पाइपात सारली. आत काहीतरी चिवट लागलं. दोघांनी जोर लावून ओढलं, तर टोकाला पांढरट, लिबलिबीत गोळा! रेणुकानं तो चिमटीत धरून पाहिला.

"अगं बाई! हा तं शिजलेला चीक! मी कच्चा सांडला होता. मोरीत शिजवला कोणं?"

नागसेन चाचरत म्हणाला, "सकाळी मोरी तुंबलेली दिसली… म्हणून मी डेअरीतून उकळतं पाणी आणून ओतलं. आम्ही दुधाचे पाइप असेच धुतो…"

रेणुकानं कपाळाला हात लावला, आणि मग जी हसत सुटली, की डोळ्यांत पाणी! तोही हसला. हसताना तो फारच गोड दिसत होता, उगाच खोटं कशाला बोला!

"चिखलीहून माणूस बोलावू का?" त्यानं विचारलं. "उद्या येईल."

"उद्या नाही, आजच. तुम्ही गार पाणी ओता. गरम ओतलं तं याद राखा!"

तो बादल्या ओतत राहिला, ती कामटी सारत राहिली. तळहाताला फोड आले. "द्या ना इकडे," तो हळूच म्हणाला. तिनं मानेनंच नाही म्हटलं, पण त्याचा हात कामटीवर आला तेव्हा तिनं आपला काढला नाही. ऊन कलता कलता पाइपातून गुडगुड आवाज आला आणि सगळं पाणी भसकन निघून गेलं!

महादेवराव आलेच. "आज मोकळी झाली, उद्या पुन्हा तुंबली तं?"

"नाही तुंबणार काका," रेणुका काही बोलायच्या आत नागसेन म्हणाला. "चोथा अन् धुवण मी रोज डेअरीवर नेईन. म्हशी आवडीनं खातात."

महादेवरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं, कर मंग कुरडया," म्हणत ते वळले.

त्या दिवसापासून रोज सकाळी बादली न्यायला तो यायचा. काम दोन मिनिटांचं, पण पाय निघायचा नाही त्याचा. कधी ती मुद्दाम बादली उशिरा भरायची… रेणुकाच्या आईला, बेबीताईंना, सगळं दिसायचं, त्या बिचाऱ्या गव्हात डोकं घालून बसायच्या.

असा वैशाख सरला. कुरडयांचा शेवटचा घाणाही झाला. नागसेन दारात रेंगाळला.

"म्हणजे… उद्यापासून चोथा नाही?"

"नाही."

"मंग मी… रिकामी बादली घेऊन येऊ का?"

हा असाच घुटमळत राहिला, तर पावसाळाही निघून जाईल! रेणुकानं पदर खोचला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"बादली राहू द्या. मले तुम्ही आवडता. उद्या येसान, तं तुमच्या आईले घेऊन या."