अंगठा जुळला

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सकाळचे पोहे झाले होते. हेमलताबाईंनी नवऱ्यापुढे बशी ठेवली आणि पुन्हा एकदा त्यांना निरखून पाहिलं. विसरभोळे श्यामकांत होळीनंतर घरातून निघून गेले, ते थेट आता नोएडाच्या एका आश्रमात सापडले. नाव सांगता येईना, म्हणून तिथल्यांनी अंगठा मशीनवर टेकवला. आधारवरून पत्ता लागला आणि मुलगा यतीन जाऊन त्यांना घेऊन आला.

चेहरा तोच, आवाज तोच. पण जवळ बसलं की बाईंच्या अंगावर काटा यायचा. उशीला माणसाचा वासच नव्हता. कढत चहा ते पाण्यासारखा गटागटा पीत, आणि जीभ पोळत नसे.

“यतीन, हे तुझे बाबा नव्हेत रे.”

“आई, यार, अंगठा जुळलाय! पोलिसांनी फाइलसुद्धा बंद केली.”

तेच तर बाईंना खात होतं. फाइल बंद म्हणजे शोध बंद. खरे श्यामकांत कुठल्या फुटपाथवर उपाशी बसले असतील, या विचाराने त्यांचा जीव तुटत होता. आधारची झेरॉक्ससुद्धा आडवी रेघ मारल्याशिवाय कुणाला न देणारा माणूस! आणि त्याची ओळख आता ते मेलं यंत्र ठरवणार?

शेवटी त्यांनी हट्टच धरला, आधार केंद्रात पुन्हा तपासून घ्यायचं. यतीन बरोबर आला, आणि घरी आलेला तो माणूसही बिनतक्रार सोबत निघाला.

केंद्रात भयंकर उकडत होतं. ऑपरेटरने त्याचा अंगठा घेतला. जुळला. डोळे घेतले. तेही जुळले.

“बिल्कुल ठीक है, माताजी.”

“मेरा भी देख लो,” बाई तणतणत म्हणाल्या. यंत्रच बिघडलंय हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. त्यांनी आपला नंबर सांगितला, अंगठा ठेवला.

जुळला नाही.

पदराने बोट पुसलं. तरी नाही. डोळेही नाहीत.

ऑपरेटरचा सूर बदलला. “ये नंबर आपका नहीं है. किसी और का नंबर क्यों बता रही हैं?”

“यतीन, अरे, सांग ना त्याला!”

यतीन स्क्रीनकडे बघत राहिला.

तो माणूस उठला. यतीनच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “चल बाळा. आई घरी वाट बघत असेल.”

“हो, बाबा.”

दारापाशी यतीन थबकला आणि मागे वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

“आंटीजी, आपके घर में कोई है? किसी को फोन कर दूँ?”